विश्लेषण : युद्धातल्या वैमानिकांचे चामडी जॅकेट... संग्राहक त्यात काय शोधतात? ते बनवणारे लेस्ली अर्विन कोण होते?

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश वैमानिकाचे चित्र डोळ्यांसमोर आणले की एक जॅकेट हमखास दिसते. तपकिरी चामड्याचे, आत मेंढीची दाट लोकर, रुंद कॉलर आणि कमरेला पट्टा. त्याला ‘अर्विन जॅकेट’ म्हणतात. जुन्या लष्करी वस्तूंच्या लिलावात अस्सल अर्विन जॅकेट आले की जगभरातून बोली लागते आणि चांगल्या अवस्थेतील नग हजार पौंडांच्या पुढे सहज जातो. मात्र ज्यांच्या नावाने हे जॅकेट ओळखले जाते ते लेस्ली अर्विन ना शिंपी होते, ना चामड्याचे व्यापारी. आकाशातून उडी मारणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्या पॅराशूटने हजारो वैमानिकांचे प्राण वाचवले, जॅकेट हे त्याच कामाचे पुढचे पाऊल होते. त्यांच्या आयुष्याचा आणि या जॅकेटच्या प्रवासाचा हा आढावा.

अर्विन यांची सुरुवात कशी झाली?

लेस्ली लिरॉय अर्विन यांचा जन्म १० सप्टेंबर १८९५ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झाला. राइट बंधूंचे पहिले उड्डाण डिसेंबर १९०३ मधले. म्हणजे अर्विन आठ वर्षांचे असताना विमानाचे युग सुरू झाले. त्या काळी आकाशाचे आकर्षण असलेल्या मुलांसाठी विमान दुर्मीळ होते. जत्रांमध्ये, मेळ्यांमध्ये मात्र गरम हवेचे बलून उडत. बलूनखाली टांगलेल्या झोक्यावर कसरती करायच्या आणि शेवटी पॅराशूटने खाली उतरायचे, असा तो खेळ असे. अर्विन यांनी पहिली उडी मारली तेव्हा ते अवघे १४ वर्षांचे होते.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात चित्रपटसृष्टी आकार घेत होती. धाडसी दृश्यांसाठी तिला जिवावर उदार होणारी माणसे हवी होती. अर्विन तिथे कसरतपटू म्हणून काम करू लागले. १९१४ मध्ये ‘स्काय हाय’ या चित्रपटासाठी त्यांनी हजार फुटांवरून, विमानातून पहिल्यांदा उडी घेतली. पुढे हेच शब्द त्यांचे टोपणनाव झाले. या कामात एक गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडली. पॅराशूट म्हणजे खेळातला चमत्कार नव्हे, ते नीट शिवले आणि नीट घडी घातली तरच उघडणारे साधन आहे.

पॅराशूट होते, मग पहिल्या महायुद्धात वैमानिक का मरत होते?

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी बलूनमध्ये बसणाऱ्या निरीक्षकांना पॅराशूट दिले जात असे. बलून पेटला की ते उडी मारत. मात्र ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकी विमानांच्या वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट सर्रास मिळाले नाही. विमान पेटले तर जळून मरायचे की उडी मारून, एवढीच निवड अनेकांपुढे उरे. जर्मनीने १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना पॅराशूट द्यायला सुरुवात केली, पण तेही निर्दोष नव्हते.

यामागे कारणे होती. तेव्हाची पॅराशूट जड होती आणि विमानातील बैठकीची जागा अगदी अरुंद. शिवाय बहुतेक पॅराशूट एका दोरीने विमानाला जोडलेली असत. माणूस खाली पडला की दोरी ताणली जाई आणि पॅराशूट बाहेर ओढले जाई. स्थिर बलूनखाली ही पद्धत चालत असे. पण गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानात दोरी शेपटीत अडकण्याचा धोका मोठा होता.

मग दोरी काढून टाकून माणसानेच हाताने पॅराशूट का उघडू नये? याला आड येत होती एक पक्की समजूत. उंचावरून मोकळा पडणारा माणूस वाऱ्याच्या माऱ्याने शुद्ध हरपेल, त्याला हात हलवता येणार नाहीत, असे त्या वेळी अनेक जाणकारही मानत. ही समजूत खोटी ठरवायची तर कुणीतरी उडी मारून दाखवणे भाग होते.

२८ एप्रिल १९१९ रोजी काय घडले?

युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने ओहायो राज्यातील डेटनजवळच्या मॅककुक फील्ड या तळावर मेजर ई. एल. हॉफमन यांच्या नेतृत्वाखाली पॅराशूट संशोधनाचे पथक उभारले. या पथकात जेम्स फ्लॉइड स्मिथ होते. तेही एकेकाळी झोक्यावरचे कसरतपटू, नंतर वैमानिक झालेले. पाठीवर बांधायची पिशवी आणि हाताने ओढायची कळ असलेले पॅराशूट त्यांच्या पुढाकाराने तयार झाले. ते ‘टाइप ए’ या नावाने ओळखले गेले. त्याचा व्यास २८ फूट होता. आधी पुतळे टाकून चाचण्या झाल्या. आता जिवंत माणूस हवा होता.

त्या दिवशी डीएच-९ विमान खुद्द स्मिथ चालवत होते. सुमारे १,५०० फुटांवरून २३ वर्षांच्या अर्विन यांनी उडी घेतली. काही क्षण ते मोकळे पडले, कळ ओढली आणि सुमारे हजार फुटांवर पॅराशूट उघडले. जमिनीवर उतरताना त्यांच्या पायाचा घोटा मोडला. पण शुद्ध हरपते ही समजूत त्या उडीने निकालात निघाली. मोकळा पडणारा माणूस विचार करू शकतो, हात हलवू शकतो आणि योग्य क्षणी कळ ओढू शकतो, हे सिद्ध झाले. आजच्या प्रत्येक हातकळीच्या पॅराशूटमागे ही उडी आहे.

श्रेय नेमके कोणाचे?

यावर वाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. उडी अर्विन यांची, पण रचनेत मोठा वाटा स्मिथ यांचा होता. या पॅराशूटच्या पेटंटसाठी अर्जही स्मिथ यांनीच केला होता. हॉफमन आणि पथकातील इतरांचे योगदानही नाकारता येत नाही. त्याआधी १९१४ मध्ये जॉर्जिया ब्रॉडविक या कसरतपटू महिलेने सॅन दिएगो येथे दोरी कापून हाताने पॅराशूट उघडल्याचे सांगितले जाते. त्यामुळे अर्विन यांना पॅराशूटचे एकमेव जनक म्हणणे बरोबर ठरणार नाही.

अर्विन यांचे खरे कर्तृत्व दोन गोष्टींत दिसते. पहिली म्हणजे ठरवून, लष्कराच्या अधिकृत चाचणीत, विमानातून मोकळी उडी मारण्याची तयारी. दुसरी म्हणजे हे साधन मोठ्या प्रमाणावर बनवून जगभरच्या हवाई दलांच्या गळी उतरवण्याची चिकाटी. शोध लावणारे अनेक असतात. तो शेवटच्या माणसाच्या पाठीवर पोहोचवणारे थोडे असतात.

कंपनीच्या नावात ‘ग’ कुठून आला?

उडीनंतर दोनच महिन्यांत, जून १९१९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात अर्विन यांनी कंपनी स्थापन केली. कागदपत्रे टंकलिखित करताना नावापुढे एक अक्षर जास्तीचे पडले आणि अर्विनचे ‘अर्विंग’ झाले. कंपनीचे नाव ‘अर्विंग एअर शूट कंपनी’ असे नोंदले गेले. ही चूक तशीच राहिली. अर्विन यांच्या मृत्यूनंतर, १९७० मध्ये ती दुरुस्त झाली. त्यामुळे जुन्या वस्तूंवर कधी अर्विंग, कधी अर्विन असे लेबल आढळते. नवख्या संग्राहकाला ‘अर्विंग’ पाहून नकली मालाची शंका येते, पण त्या अक्षरामागे ही गंमत आहे.

ब्रिटनच्या हवाई दलाने, म्हणजे आरएएफने, १९२५ मध्ये अर्विन पॅराशूट स्वीकारले. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यातील लेचवर्थ येथे कारखाना सुरू झाला. अर्विन यांच्या आयुष्यातील हे मोठे वळण होते. अमेरिकेतल्या कसरतपटूचे नाव पुढे ब्रिटिश वैमानिकांशी कायमचे जोडले गेले ते याच कारखान्यामुळे. युद्धात काम ऐन भरात असताना तिथे आठवड्याला सुमारे दीड हजार पॅराशूट तयार होत.

सुरवंट क्लब म्हणजे काय?

२० ऑक्टोबर १९२२ रोजी मॅककुक फील्डचे वैमानिक लेफ्टनंट हॅरोल्ड हॅरिस यांचे विमान हवेत जोरजोरात हादरू लागले. त्यांनी उडी मारली. घाईत त्यांचा हात कळीऐवजी पायाच्या पट्ट्याच्या कडीवर जात राहिला. अखेर कळ सापडली तेव्हा जमीन फार दूर नव्हती. ते डेटनमधील एका घराच्या द्राक्षाच्या मांडवात सुखरूप उतरले. बिघडलेल्या विमानातून या पॅराशूटने जीव वाचल्याची ही गाजलेली पहिली घटना. महिन्याभरात सिएटल येथे दुसरा वैमानिक असाच वाचला.

अशा माणसांची नोंद ठेवावी ही कल्पना तिथल्या वार्ताहरांना आणि पॅराशूट विभागातील लोकांना सुचली. त्यातून ‘कॅटरपिलर क्लब’ जन्मला. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. तेव्हाची पॅराशूट रेशमाची असत आणि रेशीम विणतो तो रेशीमकिडा. शिवाय रेशमी धाग्याने खाली उतरणारी अळी आणि विमानातून बाहेर पडणारा माणूस, यांत साम्य होतेच. अर्विन यांनी जाहीर केले की आपल्या पॅराशूटने ज्याचा जीव वाचेल त्याला सुरवंटाच्या आकाराची सोन्याची पिन दिली जाईल. पिनेच्या मागे त्या माणसाचे नाव कोरलेले असे.

या क्लबात पैसे देऊन किंवा ओळखीने प्रवेश मिळत नाही. संकटात उडी मारून जीव वाचला पाहिजे, हीच एक अट. अटलांटिक महासागर एकट्याने पार करणारे चार्ल्स लिंडबर्ग १९२५ आणि १९२६ या दोन वर्षांत तब्बल चार वेळा असे वाचले होते. महायुद्धात जर्मनांच्या हाती लागलेले वैमानिक युद्धकैद्यांच्या छावण्यांतून लेचवर्थला पत्रे पाठवून पिनेची मागणी करत. तारेच्या कुंपणाआड बसलेल्या माणसासाठी ते पत्र म्हणजे आपण जिवंत असल्याची नोंद होती. युद्ध संपले तेव्हा अर्विन पॅराशूटमुळे क्लबचे सदस्य झालेल्यांची संख्या ३४ हजारांवर गेली होती.

पॅराशूटवाल्याने जॅकेट का बनवले?

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लढाऊ विमाने अधिक उंच उडू लागली होती. वर जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. जमिनीवर १५ अंश असेल तर २५ हजार फुटांवर ते उणे ३४ अंशांच्या आसपास जाते. विमाने उघडी किंवा अर्धवट बंद असत, आत हवा तापवण्याची सोय नसे किंवा अगदी तोकडी असे. अशा थंडीत बोटे काम करेनाशी होतात. आणि बोटे बधिर झालेल्या माणसाला पॅराशूटची कळ ओढता येत नाही. जॅकेट आणि पॅराशूट यांचा संबंध इतका सरळ होता.

अर्विन यांनी उपाय शोधला तो मेंढीच्या कातड्यात. लोकर आतल्या बाजूला, कातडे बाहेर. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. कातडे वारा अडवते. म्हणून वजनाच्या मानाने ऊब भरपूर मिळे. बाह्यांना मनगटापासून वर जाणारी चेन होती, त्यामुळे लांब हातमोजे नीट बसत. कॉलर उभी करून पट्ट्याने बांधता येई, कान आणि मान झाकली जाई. कमरेचा पट्टा आवळला की खालून वारा शिरत नसे. काखेत हवा खेळण्यासाठी छोटी भोके होती. मूळ जॅकेटला बाहेरून खिसेच नव्हते. वरून पॅराशूटचे पट्टे यायचे असल्याने पृष्ठभाग जितका साधा तितका चांगला. खिसे असलेले अर्विन जॅकेट दिसले तर ते नंतर कुणीतरी लावून घेतलेले असण्याची शक्यता अधिक.

युद्धात जॅकेट कसे बदलले?

युद्ध सुरू होताच मागणी इतकी वाढली की एकट्या अर्विन कंपनीला ती पुरवणे शक्य नव्हते. काम इतर कारखान्यांना वाटून दिले गेले. त्यामुळे रंगाच्या छटा, शिवण आणि आकार यांत फरक पडत गेला. सुरुवातीची जॅकेट्स कातड्याच्या मोठ्या तुकड्यांची असत. पुढे मोठी कातडी मिळणे अवघड झाले, तसे लहान लहान तुकडे जोडून जॅकेट शिवले जाऊ लागले. आज संग्राहक पाठीवरचे तुकडे मोजतात ते यासाठीच. तुकडे कमी तर जॅकेट बहुधा सुरुवातीचे, तुकडे जास्त तर युद्धाच्या उत्तरार्धातले.

काही जॅकेट्समध्ये विजेच्या तारा बसवलेल्या असत, त्यांतून हातमोजे आणि बूट तापवले जात. काहींना पिवळ्या रंगाची टोपी जोडलेली असे, समुद्रात पडलेला माणूस वरून दिसावा म्हणून. पॅराशूटही बदलले. जपानशी युद्ध पेटल्यावर रेशमाचा पुरवठा थांबला आणि त्याची जागा नायलॉनने घेतली.

चित्रपटांनी मात्र एक गैरसमज पसरवला आहे. १९४० च्या उन्हाळ्यात झालेल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये प्रत्येक स्पिटफायर वैमानिक हेच जॅकेट घालून लढला, असे नाही. स्पिटफायरची बैठक अगदी अरुंद होती, त्यात हे जाड जॅकेट अडचणीचे ठरे. अनेक जण साध्या गणवेशावर जीवरक्षक जाकीट चढवून उडत. अर्विन जॅकेटची खरी गरज होती ती बॉम्बफेकी विमानांतल्या माणसांना. त्यातही शेपटीकडच्या तोफेवर बसणाऱ्याला सर्वाधिक. आठ-आठ तास, रात्री, एकटा, थंडीत. समोरचे स्पष्ट दिसावे म्हणून अनेकांनी आपल्या समोरची पारदर्शक काचही काढून टाकली होती. वारा थेट अंगावर येई.

ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसांनी उड्डाणे केली. त्यांपैकी ५५,५७३ मारले गेले. जॅकेट थंडीपासून वाचवत होते, गोळ्यांपासून नव्हे.

अमेरिकी जॅकेट वेगळे कसे?

अमेरिकी हवाई दलाचे ‘ए-२’ जॅकेट १९३१ मध्ये स्वीकारले गेले. ते पातळ चामड्याचे, प्रामुख्याने घोड्याच्या कातड्याचे असे. दोन खिसे, खांद्यावर पट्ट्या, कमरेला आणि मनगटाला विणलेली लोकरी पट्टी. नौदलाचे जॅकेट बोकडाच्या कातड्याचे, कॉलरला फर लावलेले. अतिउंचीसाठी ‘बी-३’ हे मेंढीच्या कातड्याचे वेगळे जॅकेट होते. १९४३ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांनी चामडी जॅकेटची नवी खरेदी थांबवून कापडी जॅकेट आणायचे ठरवले. त्यामुळे वैमानिक आपले जुने ए-२ जपून वापरू लागले.

ए-२ वरची चित्रे हा संग्राहकांचा आवडता विषय. पाठीवर विमानाचे नाव, एखादे चित्र आणि प्रत्येक मोहिमेसाठी एक छोटा बॉम्ब रंगवला जाई. यातून एकदा मोठे प्रकरण उद्‌भवले. १९४३ च्या अखेरीस एक अमेरिकी बॉम्बफेकी जर्मनांच्या हाती लागला. त्याच्या जॅकेटवर त्याच्या विमानाचे नाव होते, त्याचा अर्थ होता खुनी टोळी. जर्मन प्रचारयंत्रणेने ते छायाचित्र छापून अमेरिकी वैमानिक भाडोत्री खुनी असल्याची आवई उठवली. त्यानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांनी जॅकेटवरील नावांची तपासणी सुरू केली. कपड्यावरची थट्टा कैद्याच्या जिवावर बेतू शकते, हे तेव्हा लक्षात आले.

या संग्रहात भारताचाही एक धागा आहे. चीन-बर्मा-भारत आघाडीवर आलेल्या अमेरिकी वैमानिकांसाठी इथल्या बाजारातील कारागिरांनी हाताने चामड्याचे बिल्ले आणि जरीची पथकचिन्हे बनवली. चामड्याचे छोटे रंगीत तुकडे कापून, एकावर एक शिवलेले ते बिल्ले आज स्वतंत्रपणे जमवले जातात. चीनवर उडणाऱ्यांच्या जॅकेटवर चिनी भाषेतील कापडी पत्रही शिवलेले असे. हा माणूस मदतीला आलेला आहे, त्याला सुरक्षित पोहोचवा, अशी विनंती त्यावर असे.

युद्धानंतर ही जॅकेट्स गेली कुठे?

जॅकेट सरकारी मालकीचे असल्याने ते भांडारात परत करणे अपेक्षित होते. तेच जॅकेट मग दुसऱ्याला मिळे. म्हणून एकाच जॅकेटवर एक नाव खोडून दुसरे लिहिलेलेही सापडते. युद्धानंतर शिल्लक माल स्वस्तात विकला गेला. ब्रिटनमध्ये मोटारसायकलस्वारांनी तो उचलला. हिवाळ्यात गाडी चालवायला यापेक्षा उबदार काही नव्हते. इतिहास म्हणून नव्हे, थंडीसाठी ती जॅकेट्स झिजेपर्यंत वापरली गेली. म्हणूनच आज चांगली उरलेली थोडी आहेत.

वस्तूचे स्मरणवस्तूत रूपांतर व्हायला एक पिढी जावी लागली. १९६३ च्या ‘द ग्रेट एस्केप’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन ए-२ घालून वावरले, १९८६ च्या ‘टॉप गन’ने नौदलाचे जॅकेट तरुणांच्या अंगावर चढवले. जपान, ब्रिटन आणि अमेरिकेतील काही कारखान्यांनी मूळ जॅकेट उसवून, शिवण मोजून हुबेहूब प्रतिकृती बनवायला सुरुवात केली. प्रतिकृती प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. अडचण होते ती तिला जुने करून अस्सल म्हणून खपवले जाते तेव्हा.

अस्सल कसे ओळखतात?

पहिली पाहायची ती चेन. युद्धकाळात चेन बनवणाऱ्या मोजक्याच कंपन्या होत्या आणि त्यांची नावे ओढणीवर कोरलेली असत. चेन नवी असेल तर जॅकेट नकली असेच नाही, ती कधीतरी बदललेली असू शकते. पण किंमत उतरते. दुसरे लेबल. ब्रिटिश जॅकेटवर हवाई मंत्रालयाची खूण, माप आणि उत्पादकाचे नाव असते. अमेरिकी जॅकेटवर कंत्राटाचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक त्या उत्पादकाला खरोखर दिला होता का, हे पडताळता येते. लेबल मात्र सहज शिवता येते, म्हणून त्याच्या टाक्यांभोवतीचा रंग आणि धाग्याचा जुनेपणा पाहतात.

तिसरी खूण झिजेची. खरे वापरलेले जॅकेट ठरावीक जागी झिजते. कोपर, मनगटाची कड, कॉलरची घडी, पॅराशूटचे पट्टे घासले जातात ती खांद्याची जागा. घासकागदाने जुने केलेले जॅकेट सगळीकडे सारखेच झिजलेले दिसते.

सर्वांत मोठी फसवणूक होते नावाच्या बाबतीत. साध्या जॅकेटपेक्षा प्रसिद्ध वैमानिकाच्या किंवा गाजलेल्या पथकाच्या जॅकेटला कितीतरी पट किंमत येते. म्हणून जुन्या, अस्सल जॅकेटवर नव्याने नाव आणि चित्र रंगवले जाते. कातडे अस्सल, चेन अस्सल, खोटा असतो तो फक्त माणूस. यावर उपाय म्हणजे कागद. ब्रिटिश पथकांच्या रोजच्या नोंदवह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अमेरिकी हवाई दलाने बेपत्ता विमानांचे अहवाल जपले आहेत. वैमानिकाची उड्डाणवही, छायाचित्र, कुटुंबाकडून आलेले पत्र यांची साखळी जुळली तर विश्वास ठेवता येतो. रंगावरच्या भेगाही बोलतात. जुना रंग कातड्याबरोबर तडकतो, नवा रंग आधीच पडलेल्या भेगेत उतरतो.

जपावे की वापरावे?

संग्राहकांमध्ये यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, जॅकेट अंगावर घालण्यासाठीच होते. दुसरा म्हणतो, ऐंशी वर्षांचे कातडे आता फाटायला टेकले आहे. कातडे कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे ते कालांतराने ठिसूळ होते. एकदा तंतू तुटू लागले की तेल लावून ते जुळत नाहीत. उलट जास्त तेलाने शिवण सैल होते, कातडे काळवंडते. संग्रहालयांची पद्धत साधी आहे. रुंद, गादी लावलेला हँगर किंवा सपाट ठेवण, ऊन नाही, प्लॅस्टिकची पिशवी नाही, दमटपणा नाही आणि लोकरीला कसर लागू नये म्हणून नियमित तपासणी.

दुरुस्तीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. फाटलेली बाही शिवली तर जॅकेट सुंदर दिसते, पण ती फाटली कशी, याचा पुरावा जातो. रक्ताचा डाग धुतला तर कपडा स्वच्छ होतो आणि इतिहास पुसला जातो. म्हणून जाणते संग्राहक काही करण्याआधी छायाचित्रे काढतात आणि काय केले ते लिहून ठेवतात.

अर्विन यांचे पुढे काय झाले?

ऐन तारुण्यात रोज जीव धोक्यात घालणारे अर्विन वयाची ७१ वर्षे पूर्ण करून ९ ऑक्टोबर १९६६ रोजी, जन्मले त्याच लॉस एंजेलिसमध्ये वारले. तोवर पॅराशूट ही वैमानिकांच्या दृष्टीने सामान्य गोष्ट झाली होती. ज्या समजुतीविरुद्ध त्यांनी घोटा मोडून घेतला ती कुणाला आठवतही नव्हती.

त्यांच्या दोन वस्तू आज लिलावात शेजारी शेजारी मांडल्या जातात. एक जॅकेट, दुसरी सुरवंटाची पिन. जॅकेटला कितीतरी पट पैसे मिळतात, कारण ते दिसते, अंगावर घालता येते आणि चित्रपटाची आठवण देते. पिन नखाएवढी असते. पण तिच्या मागे एक नाव असते आणि ते नाव खोटे असण्याची शक्यता जॅकेटपेक्षा कमी असते, कारण पिन देण्याआधी जीव वाचल्याची खातरजमा केली जात असे. जॅकेट सांगते की कुणीतरी उडाला होता. पिन सांगते की तो घरी परतला. संग्रह नव्याने सुरू करणाऱ्याने जॅकेटच्या किमतीआधी हा फरक समजून घेतला, तर पैसा आणि इतिहास दोन्ही वाया जात नाहीत.